अर्धवट लागलं असलं तर

कावळा नाक्याच्या अलीकडं नवा गतिरोधक झालाय हे राजशेखरला माहीत नव्हतं, आणि गाडी दणकन आदळली तरी तसं काही झालं नाही. पुढची पाण्याची बाटली लवंडली, मागं दानेश्वरी खुदकन हसली. दोन वर्षांना महिना कमी असलेल्या पोरीला आदळणं म्हणजे खेळच. पण तिच्या शेजारी बसलेली शांभवी, त्याची बायको, हसली नाही. तिचा हात पोरीच्या छातीवरच्या पट्ट्यावर गेला, तिथनं बकलावर, बकलावरनं परत पट्ट्यावर. आरशात त्याला सगळं दिसत होतं. "अहो, गाडी जरा बाजूला घेता?" ती म्हणाली. "लागलाय की तो. दवाखान्यातनं निघताना मी बघितलाय." "व्हय, पण मधे मी तिला पाणी पाजलं. त्यानंतर लावला तो मी लावला." हे 'मी लावला' ती अशा आवाजात म्हणाली, की दुधाला मांजर तोंड लावून गेलंय असं एखादीनं सांगावं. त्यानं गाडी कडेला घेतली. कडेला कसली, तिथं कडच नाही. मागनं रिक्षावाला बोंबलला, "ओ पावणं! नाक्यावर संसार मांडलासा काय?" राजशेखर उतरला, मागचं दार उघडलं, पोरीचं बकल धरून तीन हिसके दिले. एक सरळ, एक डावीकडं, एक उजवीकडं. "लागलाय." "नक्की?" "नक्की," तो म्हणाला, आणि शांभवीनं मान मागं टेकली. तिनं लावलेलं ते बकल अगदी चोख लागलेलं होतं. नेहमीच असायचं.

'नक्की' हा शब्द विकूनच तर राजशेखर जेवत होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पट्ट्यांची बकलं करणारा एक कारखाना आहे; ट्रॅक्टरला, जीपला, शाळेच्या बसला लागणारी बकलं. तिथं तो बारा वर्षं तपासणी खात्यात, आता खात्याचा प्रमुख. पट्ट्याची जीभ खाचेत बसली की टक् असा आवाज येतो. तो जरा जरी पोकळ आला, तरी राजशेखर मानसुद्धा न वळवता म्हणायचा, "ते बाजूला काढ." हाताखालचा कृष्णात नव्या पोरांना सांगायचा, "साहेबांच्या कानाला फसवायचं म्हंजे सोनाराला पितळ विकायचं, बघा." गिऱ्हाइकाकडनं एखादं बकल तक्रार होऊन परत आलं, की भिंगाखाली धरून तो पाच मिनिटांत सांगे, हे सुटलंय की कुणी सोडलंय. बहुतेक वेळा सोडलेलंच असतं. ड्रायव्हरला ढेरी आवळते म्हणून, क्लीनरला डुलकी काढायची असते म्हणून. आणि विचारलं की तोच माणूस गळ्याची शपथ घेऊन सांगतो, "आपोआप सुटलं, साहेब." अशांना राजशेखर तोंडावर काही बोलत नसे, पण मनात हसायचा. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत हसायचा. आता तक्रारीचं बकल आलं की तो ते कृष्णातकडं सरकवतो आणि म्हणतो, "तू बघ. माझे डोळे दुखायलेत."

गाडी परत चालू झाली. राजारामपुरीतल्या हाडांच्या डॉक्टरकडनं ते घरी, शाहूपुरीला, चालले होते. डॉक्टर बरा माणूस होता, बोलका. त्यानं दानीचा डावा हात धरून सरळ केला, वाकवला, परत सरळ केला, आणि म्हणाला, "हाड झकास जुळलंय. पण कोपरात एवढा बाक राहणार हं. पूर्ण सरळ व्हायचा न्हाय. काम अडत न्हाय त्यानं, सगळं करंल ती." मग चिठ्ठी लिहिता लिहिता शांभवीकडं बघून म्हणाला, "आता तरी जपायचं, काय आई?" शांभवीनं शाळेतल्या पोरीसारखी मान हलवली. राजशेखर भिंतीवरचं हाडांचं चित्र बघत उभा राहिला. त्या चित्रातल्या माणसाचे दोन्ही हात सरळ होते. डॉक्टरला दोष देण्यात काय अर्थ! पहिल्या दिवसापासनं जो तो हेच म्हणतोय. नर्स म्हणाली, शेजारच्या काकू म्हणाल्या, मेव्हण्यानं फोनवर सांगितलं. आई, जपा. बाप शेजारी पिशवी धरून उभा असतो. त्याला कुणी काही म्हणत नाही, उलट कुणीतरी खुर्ची देतं.

मे महिन्यातली गोष्ट. शांभवीच्या बहिणीचं बंगळुरात लग्न होतं, तिथनं विमानानं ते परत येत होते. पंख्याचं लहान विमान, इकडं दोन, तिकडं दोन सीटा. शांभवी खिडकीला, दानी तिच्या मांडीवर, तो वाटेच्या बाजूला. दोन वर्षांखालच्या पोराला वेगळी सीट नसते; हवाई सुंदरीनं हातभर लांबीचा पिवळा पट्टा आणून दिला. त्याचा फास आईच्या पट्ट्यात ओवायचा आणि बकल पोराच्या पोटावर लावायचं. राजशेखरनं ते बकल आधी उलटं करून बघितलं होतं, कुणाची बनावट आहे म्हणून. ती हवाई सुंदरी हसली. "आमचा हाच धंदा हाय की," तो जरा तोऱ्यात म्हणाला होता. मग शांभवीनं ते लावलं, आणि टक् झालं. भरीव, खणखणीत टक्. त्यानं कारखान्यात डोळे झाकून पास केला असता असा. तो आवाज त्यानं ऐकला होता. ही गोष्ट जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती, आणि तोच गप्प होता.

लग्नघरात शांभवीला दोन रात्री पाठ टेकायला मिळाली नव्हती. विमान वर गेल्या गेल्या ती झोपली, दोन्ही हात पोरीभोवती तसेच. घाटाच्या अंगाला ढग लागले तसा पट्ट्याचा दिवा लागला, हवा खराब आहे, जाग्यावरनं उठू नका म्हणून सांगून झालं. आणि दानीनं भोकाड पसरलं. पोटावर पट्टा रुततोय, कान दुखतायत, काय होतंय ते तिला सांगता येईना. धनुष्यासारखी मागं वाकून ती केकाटायला लागली. पुढच्या सीटवरची बाई एकदा वळून बघून गेली, मग परत वळली. राजशेखरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता काय, दहा मिनिटांत तर उतरणार! बायकोला उठवावं तर ती इतकी दमलेली. माया म्हणा, लाज म्हणा, त्या वेळी दोन्ही एकच वाटत होतं. त्याचा अंगठा गेला बकलावर. दिवसातनं शंभर वेळा जाणारा अंगठा, त्याला विचार करावा लागत नाही. पट्टा सुटला. शांभवीचे हात हळूच बाजूला करून त्यानं दानीला स्वतःच्या गुडघ्यांमधे उभं केलं, आणि ती लगेच गप्प झाली. गप्प झाली म्हणून त्याला कोण आनंद! बक्षीस म्हणून तो पायांजवळच्या पिशवीतली बिस्किटं काढायला वाकला. एका हातानं तिला धरलं होतं. पुडा फुटेना म्हणून तो हात सोडला.

विहिरीत दोर तुटून घागर जावी तसं विमान खाली गेलं. त्याला आठवतं ते रडणं नाही, रक्त नाही. त्याला आठवतो तिचा एक पाय, पांढरा मोजा घातलेला, त्याच्या तोंडासमोर. जमिनीवर असायचा तो पाय तिथं कसा, एवढंच त्याच्या मनात आलं. मग वर डोकं आपटल्याचा आवाज, मग खाली सीटच्या हातावर कोपर. मागच्या सीटवरच्या एका आडदांड माणसानं तिला वाटेतनं उचललं. विमान सावरलं तशी हवाई सुंदरी सीटा धरत धरत आली, आणि इंग्रजीतनं तिनं विचारलं, बाळाचा पट्टा लावला नव्हता का? शांभवी झोपेतनं नुकती उठली होती. तिनं पोरीकडं बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडं. तिथं पिवळा पट्टा उघडा लोंबत होता. "मी लावला हुता," ती म्हणाली. "अहो, मी लावला हुता की. लागला नसंल काय? मला नीट लागला नसंल काय?" हे तिनं त्याला विचारलं होतं. त्याचं तोंड उघडं होतं, शब्द जिभेवर होता. आणि तो म्हणाला, "ते राहू दे, आधी हिच्याकडं बघ."

सुरुवात एवढीच. आधी पोरीकडं बघू, मग सांगू. मग कपाळाला चार टाके पडले, ते झाल्यावर सांगू. मग हाताला प्लास्टर, ते निघाल्यावर सांगू. मग घरी त्याच्या आईनं, रत्नव्वानं, दारातच तोंड सोडलं, "आईच्या मांडीवरनं पोर उडतंय म्हंजे मांडी हाय का घसरगुंडी गं?" आणि शांभवी पिशव्या घेऊन तशीच आत गेली, तेव्हा आत्ताच कसं सांगायचं, अव्वा जरा निवू दे. अव्वा काही निवली नाही. पोरगी ठेचकाळली तरी, शिंकली तरी, "आईला झोप प्यारी" हे वाक्य यायचंच. वाईट बाई नव्हती ती. नातीवर जीव टाकायची, म्हणूनच बोलायची. पण बोलायची.

शांभवी स्टेशन रोडच्या एका मोठ्या मेडिकल दुकानात फार्मासिस्ट होती, सात वर्षं. डॉक्टरांची कोंबडीच्या पायांची अक्षरं ती धडाधड वाचायची. प्लास्टर निघाल्यावर ती कामावर गेली, आणि पंधरा दिवसांत नोकरी सोडून घरी बसली. "एखाद्याला भलतीच गोळी दिली तर?" ती म्हणाली. "तू कशी भलतीच देशील?" "बकल लावलं तवाबी मला लावल्यासारखंच वाटलं हुतं की." मग हळूहळू ती गॅस बंद करून त्याला बघायला सांगायला लागली, दाराची कडी घालून त्याला बघायला सांगायला लागली. दानीला उचलून घ्यायचंच तिनं सोडलं. भरवायची, न्हाऊ घालायची, पण जमिनीवर बसून. पोरगी हात वर करून समोर आली की ती म्हणायची, "जा, अव्वाकडं जा. अव्वा घेतील." सात वर्षांत तिच्या हातनं एक चुकीची गोळी गेली नव्हती. असल्या हातांवरचा तिचा भरवसा त्यानं एका अंगठ्यानं काढून घेतला होता, आणि तो रोज सकाळी डबा घेऊन कागलला जात होता, दुसऱ्यांची बकलं पास करायला.

इथवर तो नुसता गप्प होता. गप्प बसण्याला पाप म्हणतात की नाही यावर माणूस स्वतःशी पुष्कळ वाद घालू शकतो, आणि त्यानं घातला. पण दिवाळीच्या आधी एका दुपारी, सुट्टीच्या दिवशी, तो जेवून उठला तर शांभवी टेबलाशी बसलेली. समोर त्याच्या बॅगेतलं नमुन्याचं बकल. ती ते लावत होती, सोडत होती, लावत होती. किती वेळ ते देव जाणे, बोटाचं टोक लाल झालं होतं. "तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारते," ती म्हणाली, "नीट लागलेलं बकल आपोआप सुटतं काय हो?" हीच ती जागा होती. देवानं याहून सरळ जागा कुणाला दिली नसेल. आणि तो त्याच्या कारखान्यातल्या आवाजात म्हणाला, "नीट लागलेलं सुटत न्हाय. अर्धवट लागलं असलं तर मातर धक्क्यानं सुटतं." त्यातला एकेक शब्द खरा होता. नव्या पोरांना शिकवायच्या पुस्तकात हेच वाक्य आहे. शांभवीनं बकल हळूच खाली ठेवलं. "मग तसंच झालं असंल," ती म्हणाली, आणि ताटं उचलायला लागली. त्या दिवसापासनं तो खोटारडा झाला. गळ्याची शपथ घेणारा ड्रायव्हर परवडला, तो निदान दुसऱ्याच्या गळ्यात घालत नाही.

घर आलं. अव्वा दारातच होती. अप्पा, म्हणजे त्याचे वडील नागाप्पा, आयुष्यभर गुळाची आडत केलेले, पेपर डोळ्यांपुढनं खाली घेऊन म्हणाले, "काय म्हणला डॉक्टर?" राजशेखरनं सांगितलं. हाड जुळलंय, पण बाक राहणार. अव्वानं नातीला उचलून कडेवर घेतलं आणि तो हात आपल्या हातात धरला. तिचे डोळे भरून आले. "कायमचा?" "व्हय." "पोरीची जात रं. उद्या चारचौघांत हात पुढं करताना..." आणि मग, शांभवी पाण्याचा तांब्या घेऊन येतीय न येतीय तोवर, "एका झोपंपायी." शांभवीनं तांब्या ठेवला. अप्पांनी विषय बदलावा म्हणून बदलला. पुढच्या महिन्यात शांभवीच्या भावाची, रुद्रेशची, बंगळुरात वास्तुशांत होती. "तिकिटं काढलीस काय? दानीला आता दोन वर्षं पुरी हुतील. तिला सीट लागंल."

"लागंल," राजशेखर म्हणाला. "गाडीतली तिची खुर्ची तिथं बसवता येते काय, विचारतोय मी."

"मी येत न्हाय," शांभवी म्हणाली.

"आँ? सख्ख्या भावाची वास्तुशांत, आणि थोरली बहीण घरात?"

"मी येत न्हाय, अप्पा. तुम्ही सगळी जावा. तिच्या शेजारी मी नको."

"तेच बरं," अव्वा म्हणाली. "मी बसतो तिच्याशेजारी. म्हातारी झालो तरी झोपत न्हाय मी."

आणि शांभवीनं मान हलवली. "व्हय. अव्वा झोपत न्हाईत," ती म्हणाली. टोमणा असता तर त्याला सोसला असता. टोमणा नव्हता. तिला ते खरोखर पटलं होतं. तिच्या पोटच्या पोरीच्या शेजारी बसायला ती लायक नाही हे तिला दोन आणि दोन चार इतकं पटलं होतं, आणि आता ती डोळे ओले न करता भावाच्या नव्या घरात पाऊल टाकायचंही सोडून द्यायला निघाली होती. राजशेखर म्हणाला, "पट्टा मी सोडला हुता."

कुणाला काही कळलं नाही. "कसला पट्टा?" अप्पा म्हणाले.

"विमानात. हिनं नीट लावला हुता. मी आवाज ऐकला हुता. दानी रडाय लागली म्हणून मी सोडला. ही झोपेत हुती, हिला काय म्हाईत न्हाय. माझ्या हातनं पोर सुटली." एका दमात गेलं सगळं. त्यानं खांदे आवळून घेतले. आता भिंत कोसळणार होती, आणि कोसळू दे. आठ महिने तो या दणक्याची वाट बघत होता. अव्वाच्या जिभेखाली एकदा चांगला भरडून निघाला असता तर निदान रात्रीची झोप तरी लागली असती.

अव्वानं दानीला खाली ठेवलं, त्याच्याजवळ आली, आणि त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. "असू दे रं," ती म्हणाली. "पोर रडाय लागल्यावर बापाचं काळीज कसं ऱ्हाईल? मायेपोटी सोडलास की. आणि एवढं मनात धरून बसलास व्हय? म्हणूनच म्हणतोय मी, पोरगं वाळतंय का असं." अप्पांनी घसा साफ केला. "झालं गेलं गंगेला मिळालं. मुद्दाम करतंय काय कोण?" "तर! बस बाळा, बस. चेहरा बघ कसा झालाय. थांब, चहा टाकतो." आणि अव्वा स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. एवढंच. आठ महिने जी चूक रोज दोन वेळा ताटाबरोबर शांभवीला वाढली जात होती, तीच चूक त्याच्या नावावर आली, आणि चहाचं आधण ठेवायच्या आत माफ झाली. त्याला ओरडावंसं वाटलं, की अगं बोल की मला! पण आईला असं कसं सांगायचं, की मला शिव्या दे?

शांभवी तिथं नव्हती. ती कधी उठून गेली ते त्याला कळलंच नाही. तो आतल्या खोलीत गेला. ती पलंगाच्या कडेला बसून रडत होती, दोन्ही तळहात मांडीवर उताणे टाकून. तो दारातच थांबला. ती आता काय म्हणेल ते सगळं त्यानं मनात म्हणून ठेवलं होतं, कितीतरी महिने. फसवलंसा, नामर्द हायसा, माझी नोकरी घालवलीसा. त्या सगळ्याला तो व्हय म्हणणार होता. पण तिनं वर बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं, की हे रडं रागाचं नाही. तिचा चेहरा सैल झाला होता. ताप उतरल्यावर माणूस घामानं भिजून जसं पडतं, तशी ती दिसत होती. "टक् झालं हुतं?" तिनं विचारलं.

"झालं हुतं."

"पुरं लागलं हुतं?"

"पुरं लागलं हुतं. अगदी चोख."

"माझ्या हातात काय खोट न्हाय," ती म्हणाली. त्याला नव्हे, स्वतःलाच. आणि परत रडायला लागली, हुंदके देऊन, जवळजवळ हसत. राजशेखर चौकट धरून उभा होता. 'पुरं लागलं हुतं', पाच शब्दांचंही वाक्य नव्हतं ते. विमानात सांगता आलं असतं, दवाखान्यात, दिवाळीत, त्या टेबलाशी. कुठल्याही दिवशी, आंघोळीला जाता जाता. तिला एवढंच लागत होतं, आणि ते त्याच्या खिशात होतं. तिनं त्याला चार शिव्या घातल्या असत्या तर त्यानं त्या पदरात घेऊन फेडल्यासारखं केलं असतं. तिच्या सुटकेचं तो काय करणार होता?

तो एक पाऊल आत आला. "शांभवी," तो म्हणाला.

तिचं रडं थांबलं. पदरानं तिनं तोंड पुसलं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ, नीट बघितलं. "मी तुम्हाला विचारलं हुतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. ती उत्तरासाठी थांबली नाही. दानी दुडुदुडु आत आली, हात वर करून. एक सरळ, एक जरा वाकडा. शांभवीनं तिला उचललं, मांडीवर घेतलं, छातीशी आवळलं. मग पोरीच्या केसांत तोंड खुपसूनच म्हणाली, "जावा तुम्ही बाहेर. अव्वांनी चहा ठेवलाय तुमच्यासाठी."

तो बाहेर आला. अव्वानं आलं ठेचून घातलं होतं, साखर दोन चमचे जास्त. "घे, गरम हाय तवर," ती म्हणाली, आणि शेजारी बसून त्याच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली. त्यानं कप उचलला, आणि सगळा चहा प्याला.